शातिलाला अजून छावणी का म्हणतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बैरुतमधल्या शातिला या पॅलेस्टिनी छावणीचे फोटो पाहिले तर त्यात एकही तंबू नाही. पाच-सहा मजली इमारती आहेत, मोबाइलची दुकानं आहेत, न्हाव्याचं दुकान आहे. मग पंचाहत्तर वर्षांनंतरही तिला छावणी का म्हणायचं? आपल्याकडच्या झोपडपट्टीहून ती वेगळी कशी? आणि लोक तिथून निघून का जात नाहीत? तुम्ही आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रबंधासाठी विचारताय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाचा अभियंता. बैरुतच्या छावण्यांत काही वर्षं नळ, टाक्या आणि गटारं या कामावर होतो. राजकारणाचा अभ्यासक नाही. पण पाइप कुठून न्यायचा हे ठरवायला बसलं की जमीन कोणाची, भिंत कोणाची, हद्द कुठली, हे दारोदार विचारत फिरावं लागतं. ही छावणी मला त्या विचारपूशीतूनच कळली.

मी मूळचा कल्याणचा, त्यामुळे 'कॅम्प' हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींमध्ये ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, तरी आमच्याकडे रिक्षावाला आजही 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' असंच म्हणतो. शातिला वसली तीही १९४९ मध्येच. दोन्हीकडे माणसं घरदार सोडून आली होती आणि दोन्हीकडे सुरुवात अंगावरच्या कपड्यांनिशी झाली. पण उल्हासनगरच्या माणसाला नागरिकत्व मिळालं, मत मिळालं, १९५४ च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई मागता आली, स्वतःच्या नावावर खोली आणि गाळा घेता आला. तिथे 'कॅम्प' हे नुसतं पत्त्यातलं नाव उरलं. शातिलात यातलं काहीच मिळालं नाही. माझं सगळं उत्तर या एका फरकात आहे: शातिला छावणी आहे ती तिथल्या माणसांच्या कागदपत्रांमुळे. तुम्ही फोटोत पाहिलेल्या इमारतींचा आकारही त्या कागदपत्रांनीच ठरवला आहे.

झोपडपट्टीशी तुलनाही इथेच अडते. धारावीतला माणूस कितीही गरीब असला तरी त्या देशाचा नागरिक असतो. शातिलात जन्मलेल्या पॅलेस्टिनी माणसाकडे लेबनॉन सरकारने दिलेलं निळं ओळखपत्र असतं, आणि त्यावर तो पॅलेस्टिनी निर्वासित असल्याची नोंद असते. त्याच्या आजोबांकडे तेच होतं, वडिलांकडे तेच, आणि त्याच्या मुलालाही तेच मिळणार. त्याने लेबनीज मुलीशी लग्न केलं तरी फरक पडत नाही, कारण लेबनॉनच्या कायद्यात आईचं नागरिकत्व मुलांना मिळत नाही.

आता मागे जाऊ. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी आपल्या गावांतून हुसकावले गेले किंवा जीव वाचवायला पळाले. त्यातले सुमारे एक लाख लेबनॉनमध्ये आले, बहुतेक उत्तरेच्या गॅलिली भागातले शेतकरी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर १९४८ रोजी १९४ क्रमांकाचा ठराव केला. ज्यांना घरी परत जाऊन शेजाऱ्यांसोबत शांततेने राहायचं आहे त्यांना जाऊ द्यावं, असं त्यात म्हटलं होतं. तो अमलात आला नाही. शातिलाचे तंबू आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने टाकले. तिथे आलेले पहिले लोक अम्का, मज्द अल-कुरूम आणि याजूर या गावांचे. पुढे डिसेंबर १९४९ च्या ठरावाने पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांची एक वेगळी संस्था निघाली आणि मे १९५० पासून तिचं काम सुरू झालं. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला उनर्वा म्हणतात. छावणीतले लोक तिला नुसतं 'वकाला' म्हणतात, म्हणजे एजन्सी. शाळा वकालाची, दवाखाना वकालाचा, पूर्वी पीठ, साखर, तेलही वकालाचं. छावणीचा कारभार मात्र वकाला चालवत नाही, आणि जमीनही तिच्या मालकीची नाही. ती फक्त सेवा देते. बाहेरून येणारे पहिला गैरसमज हाच करून घेतात. तुमच्या प्रबंधात तो नको.

त्यातल्या दोन गावांचं पुढे काय झालं तेही बघा. अम्काची जुनी घरं गेली आणि १९४९ मध्ये येमेनहून आलेल्या ज्यू कुटुंबांची शेतकरी वसाहत तिथे उभी राहिली, नाव जवळजवळ तेच. मज्द अल-कुरूम मात्र आजही इस्रायलमध्ये पॅलेस्टिनी लोकवस्तीचं गाव म्हणून नांदतं आहे. म्हणजे शातिलातल्या काही कुटुंबांचे चुलतभाऊ सरळ रेषेत जेमतेम ११० किलोमीटरवर राहतात. मुंबईहून पुणं याहून लांब पडतं. गिरणगावातल्या चाळीत जन्मलेल्या मुलालाही 'गाव कुठलं?' विचारलं की तो कोकणातलं नाव सांगायचा, आणि गणपतीला एसटी पकडून तिथे जायचा. शातिलातलं पोरही 'कुठला?' विचारल्यावर 'अम्काचा' म्हणतं. त्याने अम्का पाहिलेलं नाही, त्याच्या बापानेही नाही.

पहिल्या वीस वर्षांतली एक गोष्ट तुमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तंबू फाटले, मग लोकांनी विटांच्या-ठोकळ्यांच्या भिंती उभ्या केल्या, पण छत पक्कं करायला परवानगी नव्हती. सिमेंटचा स्लॅब म्हणजे कायमचा मुक्काम, आणि कायमचा मुक्काम यजमान देशाला नको होता. म्हणून छत पत्र्याचं. छावणीवर लेबनॉनच्या लष्करी गुप्तचर विभागाची नजर असायची, आणि साध्या दुरुस्तीलाही परवाना लागायचा. पावसाळ्यात पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात मास्तरांचं बोलणं ऐकू यायचं नाही, असं एका निवृत्त शिक्षकांनी मला सांगितलं होतं. ३ नोव्हेंबर १९६९ च्या कैरो करारानंतर छावण्यांचा ताबा पॅलेस्टिनी संघटनांकडे गेला, तेव्हा पक्के स्लॅब पडायला लागले. वृद्ध माणसं त्या काळाबद्दल बोलताना बंदुकांइतकंच सिमेंटबद्दल बोलतात.

नंतर आलं १९८२. इस्रायलने लेबनॉनवर आक्रमण केलं, ऑगस्टच्या अखेरीपर्यंत पॅलेस्टिनी लढवय्ये बैरुत सोडून गेले, आणि छावणीत बायका, मुलं, म्हातारी माणसं उरली. १४ सप्टेंबरला लेबनॉनचे नियोजित अध्यक्ष बशीर जमायेल यांची हत्या झाली. १६ ते १८ सप्टेंबर या काळात, इस्रायली सैन्याने वेढलेल्या भागात, जमायेल यांच्याच पक्षाचे फलांजिस्ट सशस्त्र लोक शिरले आणि घराघरांत जाऊन माणसं मारली. मृतांचे आकडे साधारण ८०० पासून ३,५०० पर्यंत सांगितले जातात. मेलेल्यांत पॅलेस्टिनी होते तसे तिथे राहणारे गरीब लेबनीजही होते. जगात या हत्याकांडाला 'साब्रा आणि शातिला' म्हणतात. त्यातलं साब्रा ही छावणी नाही, ती शेजारची वस्ती आहे. सामूहिक दफनाची जागा छावणीच्या तोंडाशी आहे, आणि तिला लागूनच बाजार भरतो. मी तिथून रोज जायचो. आजही तिच्याबद्दल लिहिताना हात अडखळतो.

बाहेरच्या जगाला १९८२ माहीत असतं. त्यानंतरचं फारसं माहीत नसतं. मे १९८५ पासून पुढची सुमारे तीन वर्षं 'छावण्यांचं युद्ध' चाललं. अमल या लेबनीज संघटनेने शातिला आणि बैरुतमधलीच दुसरी छावणी बुर्ज अल-बराजने यांना महिनोन्‌महिने वेढा घातला. शातिलाचा बराचसा भाग त्यात जमीनदोस्त झाला. कब्रस्तानापर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून मेलेल्यांना छावणीच्या मशिदीतच पुरलं. ती थडगी अजून तिथेच आहेत. जवळच्या साब्रात गाझा हॉस्पिटल नावाची अनेक मजली इमारत होती. ते रुग्णालय या युद्धात बंद पडलं आणि बेघर झालेली कुटुंबं त्यात राहायला आली. तिथे आजही माणसं राहतात.

आताची शातिला म्हणजे त्या पडझडीवर उभी राहिलेली शातिला. छावणीची हद्द मात्र १९४९ चीच आहे. कुटुंबं वाढली, जमीन तितकीच राहिली, म्हणून बांधकाम वर चढत गेलं. एक मजल्यासाठी घातलेल्या पायावर पाच मजले उभे राहिले. पाया कुठला म्हणायचा, काही ठिकाणी जुन्या मलब्यावरच भिंत उभी आहे. आम्ही गटाराची लाइन टाकताना एका वेळी जेमतेम दोन मीटर खोदायचो, पाइप टाकायचो आणि संध्याकाळच्या आत बुजवायचो. लांब चर रात्रभर उघडी ठेवली असती तर कडेच्या घराची भिंत आत आली असती. यंत्र आत येत नाही, सगळं फावडं आणि टोपलीवर. गल्लीला तिथे 'झारूब' म्हणतात. काही झारूब इतक्या अरुंद आहेत की समोरून माणूस आला तर एकाने दारात शिरून वाट द्यावी लागते. स्ट्रेचर वळत नाही. लग्नाचं कपाट दोरांनी बाल्कनीतून चढवतात. वरचे मजले गल्लीच्या बाजूला पुढे काढलेले असतात, त्यामुळे खाली भर दुपारी दिवा लागतो.

डोक्यावर विजेच्या तारा आणि पाण्याच्या नळ्या एकमेकींत गुंतलेल्या. फोटोत त्या सगळ्यांना दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, किती अव्यवस्था. त्यामागचं कारण असं: प्रत्येक घराने आपापली जोडणी आपापल्या खर्चाने, आपापल्या वेळी केली, कारण ती करून देणारी नगरपालिका नाही. सरकारी वीज दिवसातले थोडेच तास असते. बाकीचा वेळ खासगी जनरेटरवर निघतो. त्याच्या वर्गणीला 'इश्तिराक' म्हणतात आणि ती अँपिअरवर मोजतात. पाच अँपिअर घेतलं तर फ्रिज आणि दिवे चालतात, इस्त्री लावली की सगळं बंद. पावसात त्या तारांखाली पाणी ठिबकतं. बैरुतच्या छावण्यांत विजेचा धक्का बसून माणसं मेली आहेत, त्यात मुलंही आहेत. मी हे कधीच सवयीने घेऊ शकलो नाही.

पाणी खारं आहे. बैरुतच्या किनारपट्टीवर इतकं पाणी उपसलं गेलं की समुद्र भूजलात शिरला, आणि छावणीच्या विहिरींनाही तेच पाणी. नळ गंजतात, गीझरची कॉइल जाते, आंघोळीनंतर केस चिकट राहतात. प्यायचं पाणी गॅलनच्या कॅनमधून विकत घ्यावं लागतं. आमची एक जुनी लाइन दुसऱ्या गल्लीतून वळवायची होती आणि तिथली एक आजी अडून बसली. तिकडे वयस्क बाईला आदराने 'हज्जे' म्हणतात. मी नकाशा काढून दाब, उतार समजावत होतो. ती म्हणाली, मुहंदिस, आधी कॉफी घे. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. आडनावाने मला तिथे कुणी कधी हाक मारलीच नाही. कॉफी झाल्यावर तिने सांगितलं की त्या भिंतीशी खोदू नकोस, वेढ्यात तिथला मजला खाली बसला होता आणि आत पोकळ आहे. आम्ही सळई घालून पाहिलं. पोकळच होतं. आमच्या कुठल्याही नकाशात ते नव्हतं. त्यानंतर प्रत्येक गल्लीत मी आधी सर्वांत म्हाताऱ्या माणसाचं दार वाजवू लागलो. तुम्हीही तेच करा.

माणसं निघून का जात नाहीत, हा तुमचा प्रश्न. बरीचशी गेली आहेत. लेबनॉनमध्ये वकालाकडे नोंद पावणेपाच लाखांच्या वर आहे, पण २०१७ च्या शिरगणतीत छावण्यांत आणि पॅलेस्टिनी वस्त्यांत प्रत्यक्ष राहणारे पॅलेस्टिनी १,७४,४२२ भरले. नोंदीतली कित्येक माणसं बर्लिन, डेन्मार्क, स्वीडन, आखाती देश इथे आहेत. छावण्यांच्या युद्धानंतर तर कितीतरी कुटुंबं जर्मनीला गेली. जे राहिले त्यांनी बाहेर फ्लॅट का घेतला नाही? कारण २००१ च्या कायद्याने पॅलेस्टिनी माणसाला लेबनॉनमध्ये स्थावर मालमत्ता घेता येत नाही. त्याआधी बापाने घेतलेलं घरसुद्धा मुलाच्या नावावर चढवता येत नाही. छावणीतली खरेदी-विक्री चालते, पण ती लोकसमितीसमोर, म्हणजे छावणीचा स्थानिक कारभार बघणाऱ्या समितीसमोर, साक्षीदार ठेवून केलेल्या कागदावर. सरकारदरबारी त्या कागदाला किंमत नाही.

नोकरीचंही तसंच. डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशा कितीतरी व्यवसायांसाठी त्या-त्या संघाचं सदस्यत्व लागतं, आणि ते लेबनीज नागरिकाला मिळतं. परदेशी माणसाला मिळायचं तर त्याच्या देशाने लेबनीज माणसाला तशीच सवलत द्यायला हवी. ज्याला देशच नाही त्याने ही अट कशी पुरी करायची? २०१० मध्ये कामाच्या परवान्याचे नियम थोडे सैल झाले, हे व्यवसाय मात्र बंदच राहिले. माझ्याबरोबर काम करणारा एक मुलगा स्थापत्य अभियंता होता, चांगल्या गुणांनी पास झालेला. कागदोपत्री तो 'फोरमन' होता. त्याने केलेल्या आराखड्यावर सही दुसऱ्याची.

लेबनॉनची बाजूही समजून घ्यायला हवी. तिथलं राज्य ख्रिस्ती, सुन्नी, शिया, द्रुझ अशा पंथांच्या वाटणीवर उभं आहे. बहुसंख्य पॅलेस्टिनी सुन्नी आहेत, त्यांना नागरिकत्व दिलं तर ती वाटणी बिघडेल अशी भीती आहे. कायमस्वरूपी वसवण्याला अरबीत 'तवतीन' म्हणतात, आणि तवतीन होणार नाही असं देशाच्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेतच लिहिलेलं आहे. पॅलेस्टिनी लोकही तवतीन नको म्हणतात, कारण त्यांना वाटतं तसं झालं तर परतीचा हक्क बुडेल. पण नागरिकत्व नको आणि माणसासारखं जगण्याचे हक्क हवेत, या दोन गोष्टी एकत्र मागता येतात. छावणीत मला भेटलेली जवळजवळ प्रत्येक व्यक्ती तेच मागत होती. त्यांची मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते.

रोजचं जगणं म्हणाल तर सकाळी झअतरचा मसाला लावलेल्या मनाकीशचा, म्हणजे भाजलेल्या चपट्या रोटीचा वास, शाळेच्या वाटेवर पोरांची झुंबड, आणि बांधकामाच्या रोजंदारीवर निघालेले पुरुष. साब्राचा भाजीबाजार स्वस्त, बाहेरचे गरीब लेबनीजही तिथे येतात. दुपारी बायका एकीच्या घरी मुलुखिय्येची पानं खुडत बसतात. संध्याकाळी सेज घातलेला चहा, त्याला ते मरामिय्ये म्हणतात. लग्न असलं की अख्खी गल्ली दबके नाचते. नाचायला रुंदी नसते, म्हणून रांग गल्लीभर लांब होते. २०१९ नंतर लेबनॉनचं चलन कोसळलं, डॉलरला १,५०७ लिरा होते ते ८९,५०० च्या घरात गेले. रोजंदारीचा पैसा त्यात वितळला. परदेशातल्या मुलाकडून येणारे शंभर डॉलर घर चालवू लागले.

आणि हे फक्त पॅलेस्टिनींचं जगणं राहिलेलं नाही. २०११ नंतर सीरियातून आलेल्यांना बैरुतमध्ये परवडणाऱ्या खोल्या इथेच मिळाल्या. २०१७ च्या शिरगणतीत शातिलात निम्म्याहून अधिक रहिवासी सीरियन निघाले. आज 'पॅलेस्टिनी छावणी' या शब्दांवर जाऊन तुम्ही शातिलाच्या जिन्यात भेटणाऱ्या पहिल्या माणसाला 'तुमचं गाव गॅलिलीतलं का?' विचारलंत, तर तो सीरियातल्या हलबचं (अलेप्पोचं) किंवा इदलिबचं नाव सांगेल. वरचा मजला पॅलेस्टिनी कुटुंबाने बांधायचा आणि सीरियन कुटुंबाला भाड्याने द्यायचा, असं सर्रास चालतं.

प्रबंधासाठी अजून एक छावणी जरूर अभ्यासा: लेबनॉनमधल्याच त्रिपोली शहराच्या उत्तरेची नहर अल-बारिद. २००७ मध्ये लष्कर आणि तिथे शिरलेला एक सशस्त्र गट यांच्या लढाईत जुनी छावणी पूर्ण उद्ध्वस्त झाली, सुमारे २७,००० माणसं बाहेर पडली. पुन्हा बांधायची वेळ आली तेव्हा रहिवाशांनी स्वतःच घरोघर जाऊन, आठवणीतून, कोणाचं घर कुठे आणि शेजार कोणाचा याचा नकाशा तयार केला. त्यावर बृहत् आराखडा झाला. लष्कराला गाड्या जातील असे रुंद रस्ते हवे होते, लोकांना शेजार आणि उजेड हवा होता. शेवटी प्रत्येक कुटुंबाने थोडी जागा सोडून गल्ल्या रुंद केल्या आणि गावांप्रमाणे पडलेले मोहल्ले तसेच ठेवले. मग खोदताना ओर्थोसिया या प्राचीन नगराचे अवशेष लागले आणि काम आणखी रखडलं. पैसे कमी पडत गेले. वर्षानुवर्षं लोक लोखंडी कंटेनरात राहिले. आणि नवी घरं मिळाली तरी जमिनीचा उतारा त्यांच्या नावावर नाहीच.

प्रत्यक्ष जाणार असाल तर आधी लोकसमितीला कळवा, ओळखीचा माणूस सोबत घ्या. पहिल्या दिवशी कॅमेरा आणि मोजपट्टी पिशवीतच ठेवा. मोजमाप घेणारी अनोळखी माणसं आली की घर पाडणार का, हीच शंका येते. छायाचित्र काढण्याआधी विचारा, विशेषतः बायकांना. कॉफी नाकारू नका. इमारतींचे छेद काढताना गच्चीवर नक्की जा. जवळजवळ प्रत्येक गच्चीवर खांबांच्या सळया वर सोडलेल्या दिसतील, मुलाच्या लग्नानंतर चढवायच्या मजल्यासाठी. खाऱ्या वाऱ्याने त्या गंजतात. काहींना प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातलेल्या असतात, पाणी आत जाऊ नये म्हणून. त्या सळयांची उंची, व्यास आणि त्या कोणत्या वर्षी सोडल्या हे घरच्यांना विचारून नोंदवा, आणि ज्या मुलासाठी सोडल्या तो सध्या कुठे आहे हेही.